आधी यादी, मग स्कॅनर: विद्यापीठांच्या दुर्मीळ संग्रहांविषयी खुले पत्र

मा. कुलगुरू, ग्रंथालय समित्यांचे सदस्य आणि ग्रंथपाल,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या ग्रंथालयातल्या एका खोलीविषयी आहे. दारावर ‘दुर्मीळ ग्रंथ’ अशी पाटी असते, आत लोखंडी कपाटे असतात आणि किल्ली एकाच माणसाकडे असते. त्या कपाटांतले ग्रंथ लोकांपुढे यावेत, यावर आता वाद उरलेला नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर हा विषय वरचेवर निघतो. आमचे म्हणणे कामाच्या क्रमाविषयी आहे. मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा म्हणून स्कॅनर घेतला जातो, समोर येईल ते पुस्तक त्याच्यावर ठेवले जाते आणि दोन वर्षांनी हार्ड डिस्कवर काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आमची विनंती अशी: आधी यादी करा, यादी प्रसिद्ध करा, त्यानंतर छायाचित्रे घ्या, आणि छायाचित्रे झाली म्हणून मूळ प्रत वाचकाला बंद करू नका.

यादी आहेच, दाखल नोंदवहीत सगळे आहे, असे आपल्याला सांगितले जाईल. त्यावर एक पडताळा सुचवतो. कपाटातून जाड कापडी बांधणीचा, कण्यावर फक्त ‘निबंध’ किंवा ‘संकीर्ण’ असे छापलेला एखादा खंड काढायला सांगा. उघडल्यावर बहुधा असे दिसेल की आत चार-पाच स्वतंत्र पुस्तिका एकत्र शिवल्या आहेत. प्रत्येकीचे मुखपृष्ठ वेगळे, छापखाना वेगळा, साल वेगळे. कडा सारख्या करण्यासाठी बाइंडरने खंड कटिंग मशीनमध्ये घातलेला असतो, त्यामुळे समासात कोणा वाचकाने शाईने केलेल्या टिपणांची पहिली दोन-दोन अक्षरे उडालेली असतात. नोंदवहीत मात्र दाखल क्रमांक एकच आणि नाव एकच, पहिल्या पुस्तिकेचे. बाकीच्या पुस्तिका विद्यापीठाच्या मालकीच्या आहेत आणि विद्यापीठालाच त्याचा पत्ता नाही.

एकोणिसाव्या शतकातले मराठी वाङ्मय मोठ्या प्रमाणावर अशा पुस्तिकांतच आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्यात छापले गेले आणि पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते 1975 साली पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते अभ्यासक्रमांत आणि चर्चेत आले. मधली 93 वर्षे ते मराठी वाचकांच्या दृष्टीने जवळजवळ नव्हतेच. आपल्या संकीर्ण खंडांत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर काय शिवलेले आहे, हे कोणी पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून यादीचे पहिले काम हेच धरावे: प्रत्येक खंड शेवटच्या पानापर्यंत उलटून आतल्या प्रत्येक पुस्तिकेची वेगळी नोंद करणे. याला यंत्र लागत नाही. मराठी चांगले वाचणारा माणूस, टेबल आणि पेन्सिल एवढे पुरते.

सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न येईल. 1867 पूर्वीच्या छापील पुस्तकांपासून करावी. त्या वर्षीच्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीच्या मराठी पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रिते म्हणतात. त्यांच्यामागे तशी नोंदणी नाही, त्यामुळे शेवटची प्रत गेली की ते पुस्तक निघाले होते याचा पुरावाही जाऊ शकतो. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची 1800 पासूनची पुस्तके नोंदवते. ती शेजारी ठेवून आपली प्रत्येक नोंद तपासावी. सूचीत नसलेले पुस्तक सापडले तर त्यावर खूण करून ते सर्वांत आधी छायाचित्रणाला द्यावे.

नोंदी करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी चूक सालाची. मुखपृष्ठावर ‘शके 1767’ असते आणि संगणकात 1767 हे इसवी सन म्हणून चढते. मग 1845 चे शिळाछाप (दगडावरून छापलेले) पुस्तक अठराव्या शतकातले ठरते. शकात 78 मिळवावेत. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर 79. मोडी कागदांत इतर कालगणनाही येतात: फसली सन आला तर 590 किंवा 591 आणि सुहूर सन आला तर 599 किंवा 600 मिळवावे लागतात, कारण ती वर्षे मृगाला बदलतात. मूळ साल जसे आहे तसे एका रकान्यात आणि काढलेले इसवी सन दुसऱ्या रकान्यात लिहावे. एकच रकाना ठेवला तर चूक पुढे कधीच दुरुस्त करता येत नाही.

दुसरी चूक लिपीची. जुन्या संगणक प्रणालींत मराठी नावे रोमनमध्ये टंकली गेली. ‘निबंधमाला’ शोधणाऱ्याने ती किती प्रकारे टंकून पाहायची? नोंद देवनागरीतच करावी. मार्क या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदपद्धतीत मूळ लिपीसाठी 880 क्रमांकाचे क्षेत्र आहे आणि ते रिकामे ठेवायचे काही कारण नाही. मुखपृष्ठावर जुन्या पद्धतीचे अनुस्वार असतील तर ते तसेच उतरवावेत आणि आजच्या लेखनातले रूप शेजारी द्यावे, म्हणजे दोन्हीकडून शोध लागेल.

पोथ्यांचे वेगळे. पोथीला मुखपृष्ठ नसते. ती कोणाची, कधीची, कुठली हे शेवटच्या पत्रावरच्या, म्हणजे सुट्या पानावरच्या, पुष्पिकेत (समाप्तीच्या मजकुरात) असते. म्हणून नोंदीत आरंभीच्या दोन ओळी, शेवटच्या दोन ओळी आणि पूर्ण पुष्पिका अक्षरशः उतरवलेली हवी. सोबत पत्रसंख्या, कोणती पत्रे गहाळ, पानावर किती ओळी, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि लिपी. पत्राचा अंक बहुतेक वेळा मागच्या बाजूवर असतो. हे माहीत नसलेला माणूस सुटी पत्रे ‘नीट लावताना’ पुढची-मागची बाजू उलटी करून ठेवतो. पोथीतले एकही पत्र नोंद होण्यापूर्वी हलवू नये.

यादी अपुरी असली तरी तिचा तक्ता संकेतस्थळावर ठेवावा. चुका वाचक कळवतील. यादी बाहेर गेली तर चोऱ्या होतील अशी भीती घातली जाते. प्रत्यक्षात ज्या वस्तूची नोंद नाही ती चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार करायलाही आधार नसतो आणि लिलावात दिसली तर ती आपली आहे हे सिद्ध करता येत नाही. मुखपृष्ठाचे छायाचित्र, आकार आणि एखादा डाग किंवा फाटलेला कोपरा नोंदवलेला असेल तर वस्तू ओळखता येते. त्यासाठी मुखपृष्ठाच्या मधोमध जांभळा शिक्का मारणे किंवा 1850 च्या पुठ्ठ्यावर बारकोडची चिकटपट्टी डकवणे लागत नाही. दाखल क्रमांक मऊ पेन्सिलीने एका ठरलेल्या पानाच्या मागे लिहावा आणि बारकोड आत ठेवलेल्या आम्लमुक्त कागदाच्या पट्टीवर लावावा.

आता छायाचित्रण. ठेकेदाराला पानामागे पैसे ठरवून दिले की घाई होणारच. घडी घातलेला नकाशा उलगडायला वेळ लागतो, म्हणून घडीसकट टिपला जातो. कोरी पाने, पुठ्ठ्याचा आतला भाग आणि मागच्या पानावरची पुस्तकांची जाहिरात गाळली जाते. त्या जाहिरातीतच त्या छापखान्याने तेव्हा आणखी काय छापले होते ते असते. फाइल हलकी व्हावी म्हणून रंग काढून पान निव्वळ काळे-पांढरे केले की मोडीतल्या फिकट रेघा नाहीशा होतात आणि उरलेले अक्षर वेगळेच वाचले जाते. करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक बाजू, कागदाच्या चारही कडा दिसतील अशी, इंचाला किमान 400 बिंदू, बारीक अक्षराच्या शिळाछापाला 600, पूर्ण रंगात, पहिल्या चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी. मूळ फाइल न दाबलेली (अनकम्प्रेस्ड) टिफ, वाचकासाठी तिच्यापासून काढलेली जेपेग. पुस्तक काचेवर पालथे घालायचे नाही. व्ही आकाराच्या पाळण्यात 90 ते 120 अंशांत उघडून वरून कॅमेऱ्याने टिपायचे. सपाट स्कॅनरवर दाबले की जुनी शिलाई तुटते, आणि तुटल्याचा आवाजही येत नाही.

साठवणीचा हिशेब आधीच मांडावा. ए-फोर आकाराच्या एका पानाची 400 बिंदूंची रंगीत टिफ सुमारे 46 एमबी होते. 300 पानांचे पुस्तक म्हणजे जवळपास 14 जीबी, असे हजार ग्रंथ म्हणजे 14 टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर 42 टीबी. तीन प्रती हव्यातच: दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा आकडा) काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा पडताळावा, नाहीतर फाइल खराब झाल्याचे ती उघडण्याच्या दिवशीच कळते. फाइलचे नाव संग्रह, दाखल क्रमांक, पत्र आणि अ किंवा ब बाजू असे असावे. ‘स्कॅन001’ अशा नावांच्या फाइली नावासाठी पुन्हा उघडाव्या लागतात. त्यापेक्षा पुस्तक पुन्हा टिपणे सोपे जाते.

टिपलेली पाने लोकांना देताना मजकुरावर विद्यापीठाचे बोधचिन्ह आडवे छापू नये. मोडीत वरची सलग रेघ आधीच वाचणाऱ्याची परीक्षा घेते. त्यावर करडे बोधचिन्ह आले की अक्षर सुटे करता येत नाही. नाव द्यायचे ते पानाखालच्या पट्टीत द्यावे. आयआयआयएफ या खुल्या पद्धतीने प्रतिमा ठेवल्या तर दोन गावांतल्या दोन पोथ्या एकाच पडद्यावर शेजारी ठेवून पाठभेद (मजकुरातले फरक) पाहता येतात. मराठीला याची गरज इतरांहून अधिक आहे, कारण आपली सामग्री विखुरलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले. त्या छपाईची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे, आणि त्यांतले देवनागरीतले एक लंडन विद्यापीठाच्या सोआस ग्रंथालयात आहे. तंजावरच्या मोडी कागदांचीही गोष्ट तशीच, महाराष्ट्रापासून दूर. आपली पाने खुली केली तरच तिकडच्या पानांशी ती जुळवता येतील. मोडी शिकलेली मंडळी आज गावोगावी आहेत आणि युनिकोडमध्ये मोडीला 2014 पासून स्थान आहे. लिप्यंतराचे काम त्यांच्यावर सोपवता येईल, पण पान दिसले तर.

कायद्याची आडकाठी जितकी सांगितली जाते तितकी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे हक्क राहतो. 1950 मध्ये निधन पावलेल्या लेखकाचे त्याच्या हयातीत निघालेले पुस्तक 1 जानेवारी 2011 ला मोकळे झाले. प्रत आपल्या कपाटात आहे एवढ्याने हक्क आपला होत नाही, तेव्हा 1860 च्या पुस्तकाच्या छायाचित्राला परवानगी-शुल्क लावू नये. हक्क चालू असलेल्या पुस्तकांसाठी कलम 52 मध्ये ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनापुरती इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा आहे. ती संकेतस्थळावर टाकण्याची मुभा मात्र नव्हे. हा फरक समितीच्या इतिवृत्तात स्पष्ट लिहून ठेवावा. घराण्यांनी दिलेल्या दप्तरांच्या बाबतीत देणगीपत्रातल्या अटी आधी वाचाव्यात, आणि महानुभाव पोथ्यांसारख्या संप्रदायाने सांकेतिक लिपीत जपलेल्या सामग्रीविषयी संबंधितांशी बोलूनच पुढे जावे.

आता मूळ प्रतीविषयी, ज्यावर आमचा सर्वाधिक आग्रह आहे. ‘स्कॅन झाले आहे, तेच पाहा’ हे उत्तर प्रत्येक वाचकाला पुरणारे नसते. खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) छापलेल्या पानावर अक्षराचा दाब उमटतो; बाजूने तिरपा उजेड टाकला की पाठीमागून खडबडीतपणा दिसतो. शिळाछापाचे पान त्याच उजेडात सपाट असते. कागद जुन्नरी आहे की विलायती, तो उजेडासमोर धरल्यावर जलचिन्ह दिसते का, शिलाई पहिलीच आहे की नंतरची, ही उत्तरे पडद्यावर मिळत नाहीत.

पोथी उतरवून काढणाऱ्या जुन्या लेखकांनी शेवटी एक श्लोक लिहायची रीत होती: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि ‘मूर्खहस्ते न दातव्यम्’. यातले हे चरण आपण ‘कोणाच्याही हाती देऊ नये’ असे वाचत आलो. हात शहाणा करणे दहा मिनिटांचे काम आहे. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात. कागदाला सुती हातमोजे नकोत, कारण बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटते. फक्त पेन्सिल. पुस्तकाखाली दोन्हीकडे फोमचे उतरते आधार. एका वेळी एकच बासन (कापडात बांधलेली पोथी) टेबलावर. स्वतःच्या फोनने, फ्लॅश न वापरता, विनाशुल्क छायाचित्र घेण्याची मुभा. ओळखपत्र दाखवणाऱ्या कोणत्याही प्रौढ वाचकाला पाच कामाच्या दिवसांत वेळ द्यावी. विभागप्रमुखाचे पत्र मागू नये. गावात घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या शिक्षकाला विभागप्रमुख कुठून आणायचा?

हातमोज्यांना एक अपवाद आहे. पोथीत चूक झाली की लेखक त्या अक्षरावर पिवळा लेप देऊन ती झाकत असे. तो हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. पत्र तिरपे धरले की पिवळ्या चौकोनाखाली कधीकधी मूळ अक्षर दिसते, आणि लेखकाची चूक कोणती होती ते कळते. पाठचिकित्सा करणाऱ्याला हे सोने आहे. पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग. अशा पोथीवर ठळक चिठ्ठी लावावी, नायट्राइलचे हातमोजे द्यावेत, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये हे वाचकाला तोंडी सांगावे.

जतनाच्या नावाखाली होणारे काही प्रकार ताबडतोब थांबवावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत चिकट थर पिवळा पडून अक्षरात मुरतो. प्लास्टिकचे गरम लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. त्यातले तांबे कागद आतून ठिसूळ करते. गव्हाच्या स्टार्चची साधी खळ आणि पातळ जपानी कागद एवढीच दुरुस्ती करावी, तीही शिकलेल्या माणसाने. काजळी आणि डिंकाची शाई पाण्यात विरघळते, म्हणून ओल्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे अक्षर पुसणे. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांचा रोग उलटा: लोहयुक्त शाईने अक्षराच्या जागी कागद जळून भोके पडतात, असे कागद सुट्या आवरणात आडवे ठेवावेत आणि वाकवू नयेत.

लाल बासन सुंदर दिसते, पण भिजले की रंग सोडते. रंग न दिलेले सुती कापड चार-पाच वेळा धुऊन, खळ पूर्ण काढून वापरावे, आणि पोथी दोन फळ्यांमध्ये घट्ट बांधावी. श्लोकातली सैल बांधणीविषयीची सूचना शास्त्राला धरून आहे. प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड दोन्ही काढून टाकावेत.

पावसाळ्याचे काय? बुरशी साधारण 65 टक्क्यांपुढच्या आर्द्रतेत धरते, आणि किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हवा त्याच्या बरीच वर असते. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, हा सर्वांत वाईट पर्याय. रात्री खोली गरम झाली की दमट हवा थंड कागदावर ओल धरते. चोवीस तास चालवता येत नसेल तर आर्द्रताशोषक यंत्र, पंखे आणि आर्द्रतामापक यांवर भर द्यावा आणि आकडा रोज वहीत लिहावा. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर असावा, वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह नसावे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या घरांतले कागद भिजून गेले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. भिजलेल्या कागदाला बुरशी दोन दिवसांत लागते, त्यामुळे कोणाला फोन करायचा आणि काय आधी उचलायचे याची चिठ्ठी दारामागे आजच लावावी. भिजलेले पुस्तक उन्हात ठेवू नये. टिपकागद घालून पंख्याखाली वाळवावे. पुस्तके खूप असतील तर गोठवून ठेवावीत आणि थोडी थोडी वाळवावीत. कसर लागलेली पुस्तकेही हवाबंद पिशवीत उणे 20 अंशांत दोन आठवडे ठेवली की कीड मरते. तसा फ्रीझर आपल्याच सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असू शकतो, विचारून पाहावे.

27 फेब्रुवारीला प्रदर्शने भरतात, त्याबद्दल एवढेच: प्रकाश 50 लक्सच्या आत, एक पान तीन महिन्यांपेक्षा जास्त उघडे नको, आणि पुस्तक आधारावर अर्धेच उघडलेले. हॅलोजनखाली सपाट उघडून ठेवलेला ग्रंथ त्या दिवशी छान दिसतो आणि कायमचा फिका पडतो.

येत्या अर्थसंकल्पात स्कॅनरच्या मागणीआधी आम्हाला तीन ओळी पाहायच्या आहेत: मोडी आणि जुने मराठी छापील वाचू शकणारे दोन सूचीकार, किमान तीन वर्षांसाठी, एक प्रशिक्षित जतनकार, आणि वाचनकक्षात रोज चार तास बसणारा एक सेवक. आणि पहिल्या शंभर नोंदींचा तक्ता, चुकांसह, तीन महिन्यांत संकेतस्थळावर. तो आला की चुका कळवणारी पहिली पत्रे आमचीच असतील.

आपले,
पोथ्या, मोडी कागद आणि जुन्या छापील ग्रंथांची सूची, छायाचित्रण व जतन यांचे काम करणारे काही जण